तेलाले कंपनी नसते

दादा, आधी आपलं भांडण संपवू या, मग रडायचं पाहू. रडायला सगळं घर बसलंय. वहिनी आहे, तुझ्या दोन्ही पोरी आहेत, सक्करदऱ्याची अर्धी गल्ली येऊन डोळे पुसून गेली. भांडायला मात्र मी एकटीच उरले आहे आणि समोर तू नाहीस. तेरा वर्षं चाललेलं भांडण असं माझ्या अंगावर टाकून निघून जाणं तुला शोभलं नाही. अर्ध्या वाटेत गाडी सोडणाऱ्यांतला तू कधीच नव्हतास.

लोक शेतावरून भांडतात, आईच्या पाटल्यांवरून भांडतात. आपण बहीणभाऊ भांडलो ट्रकच्या गिअरबॉक्समधल्या तेलावरून. वॉरंटी आहे तोवर कंपनीचंच तेल घालायचं, हे माझं म्हणणं. आणि तुझं एकच वाक्य, "तेलाले कंपनी नसते वं कुसुम, नंबर असते." बस. एवढ्यावर तेरा वर्षं.

पंधरा वर्षं तू दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यास. मालक बदलले, गाड्या बदलल्या, तुझी जागा तीच. मग त्या दसऱ्याच्या चार दिवस आधी तुझी स्वतःची नवीकोरी गाडी आली. आपली गल्ली अरुंद, त्यामुळे ती वळणावरच उभी राहिली, पण तू मात्र सगळ्यांना "दारात उभी आहे" असंच सांगत होतास. गाडी कर्जाची होती. वॉरंटी सहा महिन्यांची. तेवढ्यात काही मोठं मोडलं आणि कंपनीनं हात वर केले, तर गाडी जाणार आणि तू पुन्हा दुसऱ्याच्या स्टिअरिंगवर, हे तुला, मला आणि वहिनीला पक्कं ठाऊक होतं. आपण ते बोलून दाखवत नव्हतो, एवढंच.

खंडेनवमीला तू पाने, जॅक, टामी सगळं घासूनपुसून पाटावर मांडलंस. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी, पुस्तकपूजेची मला सवय. गाडीचंही पुस्तक आहे तर त्याची पूजा नको का, असं माझ्या डोक्यात आलं. कंपनीनं दिलेली इंग्रजी पुस्तिका मी मधोमध उघडून पाटावर ठेवली, पळीनं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि मिटून ठेवली.

"इंग्रजी पोथीले कुंकू चालते का वं?" तू विचारलंस.

"सरस्वतीला सगळ्या भाषा येतात," मी म्हटलं.

त्या दिवसापासून पुस्तिका माझ्या ताब्यात. तुला मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी एकेक पान वाचून मराठीत सांगायची आणि तू चहाची बशी हातात धरून ऐकायचास. कंपनीनं कुठे काय करायला सांगितलंय ते तुला बहुतेक आधीच माहीत असायचं. तरी तू ऐकायचास, मध्येच "वा" म्हणायचास. मला वाटायचं, माझ्या इंग्रजीला दाद देतोयस.

तुरीच्या हंगामात गिअरचं तेल बदलायची वेळ आली. तेलटंचाईचं साल होतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तू तीनदा गेलास आणि तिन्ही वेळा एकच उत्तर घेऊन आलास, तेल नाही, पंधरा दिवसांनी या. इकडे इतवारीच्या डाळमिलवाल्या शेठनं वणीकडची तूर आणायला तुझी गाडी लावली होती. पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर तो दुसरी लावणार होता, आणि एकदा लावलेली गाडी शेठ लोक सहसा बदलत नाहीत.

चौथ्या दिवशी तू इतवारीतून सायकलच्या कॅरिअरला बांधून एक सीलबंद डबा आणलास. अंगणात बसून सील तोडलंस, दोन बोटांत थेंब घेऊन चोळलास, नाकाशी नेलास.

"ये, वास घेऊन पाय."

"मला वास नको. पुस्तकात काय लिहिलंय ते ऐक." मी अकरावं पान काढलं आणि वाचलं, की मालकाने फक्त कंपनीनेच पुरवलेले तेल वापरावे.

"अन् पुढं काय लिहून आहे?"

"पुढे टायरमध्ये हवा किती भरायची ते."

"असं कसं? तेलावरून एकदम हवेवर? कंपनी इतकी येडी नसते वं. तेल नाही भेटलं तर माणसानं काय करायचं, ते लिहून असनच कुठंतरी. नीट पाय."

तेव्हा मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "दादा, इंग्रजी तुला येतं की मला?"

तू डबा उचललास आणि गाडीकडे गेलास. माझ्या वर्गात एखाद्या पोरीला असं बोलले असते तर रात्री झोप लागली नसती. तुला बोलले आणि छान झोपले.

तेल घालून झाल्यावर काळ्या हातांनी तू दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "लिही पुस्तकात." तारीख, किलोमीटर, तेलाचं नाव आणि सही असे रकाने होते त्यात. मी सांगितलं, की रकाना रिकामा ठेवू. नाहीतर मोघम काहीतरी लिहू. बाहेरचं तेल घातलं असं आपल्याच हातानं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

"जे टाकलं ते लिही. पूजा केली ना तूनं पुस्तकाची? मग त्याच्यात खोटं लिहशीन का?"

मी लिहिलं. रागानं लिहिलं म्हणून अक्षर आणखीच सुंदर आलं. खाली तू मराठीत सही केलीस.

महिनाभरानं वणीहून भरून येताना चढावर दुसरा गिअर आपोआप निसटायला लागला. तू गाडी कशीबशी नागपूरला आणलीस, तूर शेठच्या दारात उतरवलीस आणि रिकामी गाडी वर्कशॉपमध्ये नेलीस. तिथल्या मॅनेजरनं गिअरबॉक्स उघडलासुद्धा नाही. पुस्तिका उघडली. माझं सुंदर अक्षर त्यानं वाचलं आणि पुस्तिका तुझ्याकडे सरकवली. "बाहर का तेल डाला है. वॉरंटी खतम."

दुसऱ्या दिवशी मी गेले. त्याच्याशी तासभर इंग्रजीत भांडले. त्यानं मलाच अकरावं पान वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "बहनजी, आप तो टीचर हैं." भरल्या वर्कशॉपमध्ये माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना कर.

तो सगळा राग मी घरी येऊन तुझ्यावर काढला. "आता तुझ्या खरेपणालाच गिअर लाव आणि चालव," असं म्हणाले मी. गाडी जाणार या भीतीनं म्हणाले, हे खरं. पण म्हणाले. तू ताटावरून उठला नाहीस, भात संपवलास, आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मीही नाही. चहा झाला का हे विचारायलासुद्धा वहिनी मध्ये लागायची. तीच शेवटी कावली. "मी काय पोस्टमन आहो का तुम्हा दोघायचा? घर एवढंसं, अन् बोलणं माझ्याच्यानं!"

त्या आठ दिवसांत वर्कशॉपमधून निरोप आला, की कारखान्यातून एक इंजिनिअर येतोय, वादातल्या गाड्या पाहणार आहे, सोमवारी या. रविवारी दुपारी मी पुस्तिका पुन्हा घेऊन बसले. भांडायला काहीतरी सापडेल म्हणून नाही. मॅनेजरच्या इंग्रजीतली एखादी चूक सापडली तर बरं, इतपतच माझी झेप होती. अकरावं पान उलटताना अंगठ्याला ते जाड लागलं.

दादा, मी रोज चाळीस वह्या तपासणारी बाई. कमी मार्कांचं पान पोरींनी चिकटवून टाकलं तर मी न बघता नुसत्या बोटानं ओळखते. आणि चार महिने तुला पुस्तिका वाचून दाखवताना मला हे दिसलं नव्हतं, की अकरानंतर एकदम चौदावं पान येतंय. कडेला गुलाबी रेघ होती. कुंकवाची.

चहाच्या वाफेवर पान धरलं, विणकामाची सुई घालून हळूहळू सोडवलं. आत दोन तांदूळ चपटे होऊन बसले होते. आणि बाराव्या पानावर छापलं होतं, की कंपनीचे तेल उपलब्ध नसल्यास त्याच नंबरचे दुसऱ्या चांगल्या कारखान्याचे सीलबंद तेल वापरण्यास हरकत नाही; मात्र त्याची खरी नोंद त्याच दिवशी या पुस्तिकेत केलेली असावी आणि रिकामा डबा तपासणीसाठी ठेवावा.

तू म्हणाला होतास, लिहून असनच. लिहिलेलं होतं. ज्या नोंदीवरून मी तुला घालूनपाडून बोलले, नेमकी तीच नोंद कंपनीनं मागितली होती. मी म्हटलं तसा रकाना रिकामा ठेवला असता तर गाडी खरोखरच गेली असती.

मी बाहेर आले आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा तुझ्याशी बोलले. "दादा, तेलाचा डबा कुठे आहे?"

उत्तर वहिनीनं दिलं. "त्याच्यात मीनं तुळस लावली."

"एक कलम सापडलंय," एवढंच मी तुला सांगितलं. कुठे सापडलं, का सापडलं नव्हतं, ते नाही सांगितलं. तू विचारलंही नाहीस. "सापडलं ना? झालं तर," म्हणालास आणि तुळशीच्या डब्यावरची माती फडक्यानं पुसायला बसलास.

सोमवारी आपण रिक्षात बसून निघालो. तुझ्या मांडीवर तुळस. रस्त्यानं दोन बायकांनी तिला नमस्कार केला, तेव्हा आठ दिवसांचा उरलासुरला अबोलाही फुटून आपल्याला हसू आलं. वर्कशॉपच्या टेबलावर तू ती कुंडी अशी ठेवलीस की मॅनेजरच्या फायलींवर माती सांडली. इंजिनिअर चष्मा लावलेला, शांत माणूस होता. त्यानं बारावं पान वाचलं. माझ्या अक्षरातली नोंद वाचली. मग चक्क उकिडवं बसून, तुळशीच्या फांद्या हातानं बाजूला करून, डब्यावरचा नव्वद नंबर वाचला, पुस्तिकेत छापलेला तोच.

"सब ठीक है," तो म्हणाला. मग पानाला बोट लावून विचारलं, "पर ये पन्ने चिपके कैसे?"

मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. "बहनजी टीचर हैं साहब. उस दिन घंटाभर हमको ग्यारहवाँ पन्ना लेकर अंग्रेजी सुना रही थीं. इनसे पूछिए."

मला बोलायचं होतं. शप्पथ सांगते, तोंड उघडलं होतं. पण तू माझ्या आधी बोललास.

"मैंने चिपकाए, साहब. दसरे को पूजा किया, पानी डाल दिया. अनपढ आदमी हूँ. बाई तो स्कूल में थी. उसी ने कल ढूँढ के निकाला."

मला सुट्टी होती त्या दिवशी. पाटासमोर मीच बसले होते आणि तू नुसता थट्टा करत उभा होतास. म्हणजे तुला कळलं होतं. कदाचित कडेची गुलाबी रेघ बघून तिथेच कळलं, कदाचित आदल्या दिवशी केटलीजवळ भिजलेली विणकामाची सुई बघून. तू स्वतःला अडाणी म्हणवून घेतलंस आणि मी, सात इयत्तांच्या पोरींना खरं बोलायला शिकवणारी, तुझ्या बाजूला उभी राहून ते ऐकून घेतलं. इंजिनिअर हसला. "हमारे यहाँ भी किताब की पूजा होती है," म्हणाला, आणि गिअरबॉक्स उघडायला सांगितला.

तेल काढलं तर स्वच्छ. त्यानंही दोन बोटांत चोळून पाहिलं, अगदी तुझ्यासारखं. दोष दुसऱ्या गिअरच्या दातांत होता. मुळातच कच्चे बसलेले, कारखान्यातूनच. त्यानं कागदावर सही केली आणि मॅनेजरला सांगितलं, की नवीन गिअरबॉक्स लावा, या आठवड्यात लावा. तू ना त्याचे पाय धरलेस, ना मॅनेजरला टोमणा मारलास. तुळस डोक्यावर घेतलीस आणि वर्कशॉपच्या मधल्या वाटेनं चालत निघालास. दोन्ही बाजूंचे मिस्त्री हातातली कामं टाकून बघत राहिले, कुणीतरी खणखणीत शिटी वाजवली. मी तुझ्या मागून पर्स सांभाळत चालत होते. माझ्या आयुष्यात मी मिरवणूक म्हणावी अशी तेवढी एकच पाहिली.

गाडी आली त्या संध्याकाळी तू वर्कशॉपपासून सक्करदऱ्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाहीस. वहिनीनं वळणावर जाऊन गाडीला ओवाळलं. गाडी आपली राहिली. तू पुन्हा कुणाच्या स्टिअरिंगवर बसला नाहीस, त्यानंतर एकदाही नाही.

आणि मग तू ती गोष्ट सांगत सुटलास. चहाच्या टपरीवर, ढाब्यावर, इतवारीत माल उतरवताना, पोरींच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा. "माह्या बहिणीनं इंग्रजीत कंपनीले पाणी पाजलं! मी येडा, पानं चिकटवून बसलो, अन् तिनं एका नजरेत धरलं." दर वेळी तू थोडा जास्त येडा व्हायचास आणि मी थोडी जास्त हुशार. पुढेपुढे तर मी इंजिनिअरची इंग्रजीही दुरुस्त करायला लागले होते म्हणे. मी आत पोळ्या लाटत ते ऐकायची. एकदा दोनदा वाटलं, बाहेर जाऊन सांगावं. नाही गेले. कौतुकाची सवय वाईट असते, दादा, चहापेक्षा वाईट.

म्हणून मी भांडण चालू ठेवलं. तेल बदलायची वेळ आली की मी म्हणायची, "कंपनीचं घाल." तू म्हणायचास, "नंबर पाय." हरले असं कबूल केलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. धंतोलीच्या त्या दवाखान्यात तुला सलाइन लावलं होतं, तेव्हाही तू मान तिरकी करून बाटलीकडे बघितलंस आणि नर्सला म्हणालास, "बाई, हे कंपनीचं आहे का बाहेरचं?" ती बिचारी गोंधळली. मी म्हटलं, "कंपनीचंच आहे, गप्प पड." तू हसलास. ती वेळ होती. खोलीत आपण दोघंच होतो नंतर. मी तुझी चादर सारखी केली आणि पाण्याचं विचारलं. त्यापलीकडे काही बोलले नाही.

काल तुझी तेरवी झाली. वणीपासून ड्रायव्हर आले होते. जेवणाच्या पंगतीत तुझ्या जुन्या दोस्तानं तीच गोष्ट काढली. अडाणी भाऊ, हुशार बहीण, चिकटलेली पानं. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले आणि माझ्यानं राहवलं नाही. हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवून मी भर पंगतीत उभी राहिले. म्हटलं, हे खोटं आहे. पूजा मी केली होती, पानं माझ्या कुंकवानं चिकटली होती, चार महिने मी चुकीचं वाचत होते आणि दादा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज वर्गाबाहेर इतका मोठा निघाला असेल.

तुझा तो दोस्त डोळे पुसत म्हणाला, "पाहा, बाईचं मन किती मोठं आहे! मेलेल्या भावाची चूकही आपल्या अंगावर घेऊन राहिली." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, बहीण असावी तर अशी. मी "अहो, खरंच" म्हणत राहिले आणि लोक आणखीच गहिवरत गेले. वहिनीनं माझ्या हातात भांडं परत दिलं आणि हलकेच म्हणाली, "बस वं आता. त्याईनं तेरा वर्षं इतकं पक्कं बसवलं, ते तुझ्याच्यानं नाही निघत."

कशी रे अशी सोय करून ठेवलीस? स्वतःच्या खोटेपणावर तू एवढ्या मेहनतीनं काम केलंस, की माझा खरेपणा कुणाला खरा वाटत नाही. मी तुला "खरेपणाला गिअर लाव" म्हणाले होते. एवढं एकच खोटं तू आयुष्यात बोललास, आणि तेही माझ्यासाठी.

पण मी मास्तरीण आहे, मी हार मानणार नाही. बोललेलं लोक विसरतात, लिहिलेलं मानतात. म्हणून आज हे लिहून, सही करून ठेवते आहे. पोरींना देईन, तुझ्या दोस्तांना वाचून दाखवीन, आणि पुन्हा कुणी ती गोष्ट काढली तर हा कागद त्याच्या पुढ्यात ठेवीन. तेल तुझंच बरोबर होतं. नोंद तुझी बरोबर होती. वाचणारी चुकली होती. आयुष्यभर तुझी भाषा मी सुधारत आले, आज तुझ्याच भाषेत सांगते, म्हणजे तुला नक्की ऐकू जाईल:

तू जितला, गा दादा. मी हारली.